सुई मायनसमध्ये

१ नोव्हेंबर २००३, शनिवार

पहाटे साडेचारला उठलो. अंघोळ केली, बूट चढवले आणि बुलेटची किल्ली शोधायला लागलो. निरू अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, कुठे निघालात? कालच तर हार घातले ना तुम्हाला!" तेव्हा आठवलं. काल मी रिटायर झालो.

चौतीस वर्षं रिफायनरीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. "दत्ताभाई, हवे आराम करो," असं काल प्रत्येकाने हात हातात घेऊन सांगितलं. आराम म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा नेमकं काय करायचं, ते मात्र एकानेही सांगितलं नाही.

म्हणून ही वही उघडली. शिफ्ट संपताना लॉगबुक लिहायची सवय आहे. काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, पुढच्या माणसाने कशावर लक्ष ठेवायचं. आता पुढचा माणूस नाही, तरी लिहितो.

आजची नोंद: काहीही बिघडलं नाही. संध्याकाळपर्यंत जीव नकोसा झाला.

६ नोव्हेंबर

गीझर बंद पडला. देव पावला!

मेन स्विच बंद केला, वायर सोडली, टॅग बांधला. रिफायनरीत हा नियम आम्ही देवासारखा पाळला. कुठलीही वायर सोडली की उघड्या टोकाला टेप लावायची, आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे काढणाऱ्याला नखाने खरवडत बसायला नको. शेजारी टॅग: कोणी सोडली, किती वाजता, कारण काय. ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. मॅनेजर आला तरी त्याने हात लावायचा नाही. घरातसुद्धा मी हेच करतो. निरू आधी हसायची, आता हसत नाही.

एलिमेंट आणायला रावपुऱ्यात गेलो, तिथे जुना फोरमन भेटला, गप्पांत चार तास गेले. परत येतो तो पंखा बंद, फ्रीज बंद, आणि निरू माळ्यावरचा पाटा काढून त्यावर चटणी वाटत बसलेली.

म्हटलं, "अगं, स्विच लावायचा ना. वायरीला टेप होती, काही झालं नसतं."

"टॅग तुमचा होता," ती म्हणाली.

एवढी शिस्त माझ्या शिफ्टमधल्या एकालाही लावता आली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. बरेच दिवस डोक्यात भुंगा होता, आज मुकुंदाच्या फोनने तो बाहेर पडला. मुकुंद माझा चुलतभाऊ, चिपळूणजवळच्या आमच्या गावातच राहतो. त्याच्या कुंपणाला लागून अठरा गुंठे जागा विकाऊ आहे. सहा आंब्याची झाडं, विहीर, खाली खाडी दिसते. मालक मुंबईचा. तो सोमवारी १५ डिसेंबरला सह्या करायला चिपळूणला येणार, दुसऱ्या दिवशी परत जाणार. त्या दिवशी झालं तर झालं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे.

म्हणजे गावाला घर बांधायचं आणि बडोद्यातलं, समा भागातलं हे घर विकून टाकायचं. शेजारचे गोविंदराव लेकीसाठी घर शोधतातच आहेत. त्यांच्या कानावर घातलं, तर त्यांनी पेढाच भरवला.

निरूला सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली. पाणी जरा जास्तच घातलं, जिन्यापर्यंत ओघळ आला. निरूचं असंच आहे, आनंद झाला तरी तोंडाने बोलून दाखवायची नाही.

संध्याकाळी ह्यूस्टनहून मुलाचा, आनंदचा फोन. म्हणाला, "बाबा, आईला विचारलंत का?" म्हटलं, आईला काय विचारायचं, ती तयारच आहे.

८ डिसेंबर, सोमवार

उद्या निघायचं. मला वाटलं होतं, निरूची कंबर बघता ट्रेन बरी. तसं म्हटलंही. ती चटकन म्हणाली, "नको, बुलेटनेच जाऊ. हळूहळू. अंधार पडायच्या आत रोज मुक्काम करायचा, एवढं कबूल करा." मी खूश. मला वाटत होतं तिची हौस संपली. रस्ता सुरत, सापुतारा, नाशिक, पुणे, कराड आणि कुंभार्ली घाटातून खाली असा आखलाय. रविवारी संध्याकाळी मुकुंदाच्या अंगणात.

आज गाडी दोघांनी मिळून तपासली. बुलेट एक्याण्णव सालची. हेडलाइटच्या वर ॲम्पिअर मीटर आहे, त्याची सुई प्लसकडे असली की इंजिन बॅटरी भरतंय, मायनसकडे गेली की बॅटरी नुसती रिकामी होतेय. सुई प्लसमध्ये ठणठणीत. इंजिनातून येणारी चार्जिंगची वायर टूलबॉक्सच्या मागे जोडलेली असते. तिथे माझा पंजा जात नाही, आणि टूलबॉक्स काढायचा तर गंजलेले चार बोल्ट. पण बारा वर्षं निरूचा हात तिथे आरामात जातो. मी टॉर्च धरतो, ती हात घालते. मी विचारतो, "घट्ट?" ती म्हणते, "घट्ट." मी पुन्हा बघत नाही. माझ्या खात्यातसुद्धा इतका विश्वास मी कोणाच्या हातावर टाकला नव्हता.

निरूने रात्री विचारलं, "लायब्ररीचं पुस्तक सतरा तारखेला परत द्यायचंय. कसं करू?" पन्नाशी उलटलेली बाई, संसार हलवायला निघालोय आणि हिला पुस्तकाची पडलीय. म्हटलं, विमलला सांग. विमल तिची धाकटी बहीण, नागरवाड्यात राहते. तर म्हणे, "माझ्या नावावरचं पुस्तक मीच परत देते, तीस वर्षं."

९ डिसेंबर, सुरत

सकाळी साडेसातला निघालो. गार वारा, रिकामा रस्ता, मागे निरू. वीस वर्षांनी लहान झालो. नर्मदेचा पूल ओलांडून अंकलेश्वरला चहाला थांबलो. तिथल्या एसटीडी बूथमधून मुकुंदाला फोन केला. त्याने आर्किटेक्टसुद्धा बघून ठेवलाय. निरू गाडीपाशी सामान सांभाळत होती. परत येऊन सगळं सांगितलं: पुढे पडवी, मागे न्हाणी, विहिरीवर पंप. ती म्हणाली, "आणि माझी बालवाडी?" घराजवळच्या बालवाडीत ती शिकवते. म्हटलं, तिथे काय कमी पोरं आहेत? ती म्हणाली, "तिथली पोरं मला निरूबेन थोडीच म्हणणार." मग हसली.

११:५५. अंकलेश्वर सोडून पाच-सात किलोमीटर. सुई मायनसमध्ये.

उतरलो. फ्यूज ठीक. बॅटरीचे स्क्रू ठीक. निरूला म्हटलं, मागे हात घालून बघ. तिने घातला. "टेप नीट लावलेली आहे," म्हणाली. म्हणजे तिथे काही नाही. दोष चार्जिंगच्या डबीचा, रेक्टिफायरचा, दुसरं काय असणार. कसाबसा सुरतेला आलो. मेकॅनिक भला माणूस, त्याच्या स्कूटरवर बसून मी नवा रेक्टिफायर आणायला गेलो, निरू गाडीजवळ बसली. तीनला बसवला, किक मारली, सुई प्लसमध्ये.

चाळीस मिनिटांत निदान! चौतीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही. आज झोप छान लागणार.

१० डिसेंबर, व्यारा

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. जेवणानंतर पुन्हा सुई मायनसमध्ये. वेळ १:२०.

सुरतेचा रेक्टिफायर खराब निघाला म्हणावं, तर सकाळभर तो चालला. मुकुंदाला फोन करून येईपर्यंत गाडी उभी होती, तेवढ्यात बिघडली. आता एक सिद्धांत मांडतो: इंजिन तापलेलं असताना गाडी उभी केली की आतली उष्णता वर येते आणि आतल्या कॉइलची तार ताणून सुटते. काल चहाला थांबलो तेव्हा, आज जेवायला थांबलो तेव्हा. दोन्हीला हे लागू पडतं. निरूला समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "असं पण असेल." तिच्या अंगठ्याला काळं लागलं होतं. म्हटलं, पुसून घे, साडीला लागेल.

इथला इलेक्ट्रिशियन साडेचारला आला. मीटर लावला आणि म्हणाला, "काका, चार्जिंग तो बराबर आवे छे. तमने वहेम छे." मी स्वतः बघितलं. सुई प्लसमध्ये! डॉक्टरच्या दारात गेलं की दुखणं पळतं, तशातली गत. येणारा-जाणारा फॉल्ट. इन्स्ट्रुमेंटवाल्याने वैऱ्यालाही असा फॉल्ट देऊ नये.

निरू हसत होती. मला वहेम, म्हणजे भ्रम झालाय म्हटल्यावर तिला गंमत वाटली असेल.

११ डिसेंबर, सापुतारा

सकाळी इथे पोचलो, मग गाडी हलवली नाही. बॅटरी काढून दुकानात चार्जिंगला लावली, सहा तास लागतील म्हणाला. मी चडफडलो. निरू म्हणाली, "मग तळ्यावर जाऊ."

बोटीत बसलो. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. तिने नागरवाड्यातल्या आजोबांची गोष्ट सांगितली. ते राजवाड्याच्या खानगी खात्यात कारकून होते. संस्थान गेलं तेव्हा भावाने त्यांना पुण्याला बोलावलं, नोकरीचीही सोय केली होती. आजोबा म्हणाले, इथल्या भाजीवालीला माझं नाव माहीत आहे, पुण्याच्या नाही. आणि राहिले. मी म्हटलं, काय एकेक माणसं असायची! तिने पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग विचारलं, "तिथे संध्याकाळी आपण काय करायचं?"

म्हटलं, खाडी बघत बसायचं.

"रोज?"

लिहून ठेवतो, कारण लॉगबुकात खोटं लिहीत नाहीत. संध्याकाळी पाचला मी काय करणार, याचा विचार मी केलेलाच नाही. विहिरीवर पंप बसवीन. मग? एक पंप बसवायला किती दिवस लागतात?

आणि हेही लिहितो की गेले तीन दिवस मी रिटायर झाल्यापासून कधी नव्हतो एवढा मजेत आहे. हा फॉल्ट मिळाला नसता तर रस्ताभर मी काय केलं असतं कोण जाणे.

१२ डिसेंबर, संगमनेर

दिवसभर फॉल्ट आला नाही. नाशिकला चहाला थांबलो, इंजिन तापलेलं होतं, तरी नाही. म्हणजे माझा सिद्धांत कोसळला. मुकुंदाचा फोन दोनदा लावला, लागला नाही.

सुई प्लसमध्ये बघून माणसाला आनंद व्हायला हवा. मी मात्र सारखा उगाच उतरून वायरी चाचपत होतो. निरू मजेत होती, गुणगुणत होती. सिन्नरला हुरडा दिसला तर थांबवलंन. म्हणाली, "आपल्याकडे पोंक मळतो ना तसाच. पण शेव कुठे मळते इथे?" मळतो म्हणजे मिळतो हे हुरडावाल्याला काय ठाऊक, तो तिच्याकडे बघतच राहिला.

चिपळूणची मंडळी हिला अशाच वेळी हसायची. लग्नानंतर पहिल्यांदा नेलं होतं, तेव्हा ती भाजीला शाक म्हणाली आणि पोळीला रोटली. काकू म्हणाल्या, "दत्तूने गुजराथीण आणली." पुढे मुकुंदाच्या लग्नात, त्याच्या बायकोच्या डोहाळजेवणात, दर वेळी तेच. "आली आमची गुजराथीण." प्रेमानेच म्हणतात. निरूने कधी मनावर घेतलं नाही.

१३ डिसेंबर, पुणे

सकाळी नारायणगावला मुकुंद फोनवर मिळाला. सह्यांचे कागद तयार, साक्षीदार तयार. त्याच्या बायकोने निरोप दिला, गुजराथिणीला म्हणावं, आता चुलीवर भाकऱ्या शिकवते. निरूला सांगितलं.

९:४०, नारायणगाव ओलांडल्यावर. सुई मायनसमध्ये.

मी रस्त्यात बसलोच. पुण्यात नाना पेठेतला नावाजलेला माणूस गाठला. मी त्याला माझी वही दाखवली, वेळा दाखवल्या, इंजिन उघडून आतली कॉइल बदल म्हटलं. त्याने आधी किक मारली. प्लस! तो माझ्याकडे असा काही बघत होता की माझ्यावरच संशय. शेजारी चहावाल्याकडे निरू बसली होती, तिच्यावर राग काढला. म्हटलं, "मी उन्हात मरतोय आणि तू नुसती बसून असतेस."

ती म्हणाली, "मी बसलेली नसते."

आवाज वेगळा होता. पुढे ती जेवली नाही. थकली असेल. उद्या काही झालं तरी चिपळूण. गाडी ढकलत न्यावी लागली तरी.

१५ डिसेंबर, सोमवार, सकाळ. हेळवाक

काल लिहिलं नाही. आता ओळीने लिहितो.

काल कराडला जेवलो, मुकुंदाला शेवटचा फोन केला आणि कराड सोडून पाच-सात किलोमीटरवर सुई मायनसमध्ये गेली. मी थांबलोच नाही. म्हटलं, बॅटरीत जेवढं आहे तेवढ्यात घाट उतरायचा. घाटाच्या अलीकडे हेळवाकला पोचायला पाच वाजले. ऊन डोंगराआड गेलेलं. निरू मागून म्हणाली, "अहो, इथे राहू. अंधार होणार. तुम्ही कबूल केलंय."

म्हटलं, "पस्तीस-चाळीस किलोमीटर उरलंय. लाइट मंद लागेल, पण लागेल."

"घाटात?"

"घाटात."

तिने टपरीवर दोन चहा सांगितले. मी पैसे द्यायला आत गेलो, बाहेर आलो, किक मारली. सुई प्लसमध्ये. लाइट लख्ख.

दुसरा कोणी असता तर देवाला हात जोडून निघाला असता. पण मी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली: आपोआप बरा झालेला फॉल्ट सगळ्यांत वाईट. तो कसा बरा झाला हे कळल्याशिवाय प्लांट चालू करायचा नाही. आणि मागे निरूला बसवून मी हा फॉल्ट घेऊन घाटात उतरणार होतो? गाडी बंद केली. पाना काढला. सगळं बघून झालं होतं, एक टूलबॉक्सची मागची बाजू तेवढी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली नव्हती. गंजलेले चार बोल्ट. पहिल्याला दहा मिनिटं लागली.

निरू चहाचा कप हातात धरून बघत होती. थांबवलंन नाही. तिसऱ्या बोल्टला उठली आणि टॉर्च धरून माझ्या शेजारी उभी राहिली.

टूलबॉक्स निघाला. वायर जोडलेली होती, घट्ट. आणि तिला लाल दोऱ्याने एक टॅग बांधलेला होता.

चहाच्या पुड्याचा पुठ्ठा कापून केलेला. त्याच्या पाठीला काळ्या टेपचा तुकडा चिकटवून ठेवलेला, टोक दुमडलेलं. अक्षर बालवाडीच्या फळ्यावरचं, गोल.

"वायर सोडली: निरुपमा. ता. ९ डिसेंबर. कारण: मला बडोदे सोडायचं नाही."

खाली वेळा लिहिलेल्या. अंकलेश्वर, सोडली ११:४०. सुरत, जोडली २:३०. व्यारा, सोडली १:०५, जोडली ४:००. नारायणगाव. पुणे. कराड. माझ्या वहीतल्या वेळांशी ताडून बघितलं. सोडल्यावर पाच-पंधरा मिनिटांनी माझी सुई मायनसमध्ये, जोडल्यावर कोणीतरी मेकॅनिक हजर. शेवटची नोंद ताजी, शाई पसरलेली: "हेळवाक. जोडली ५:१५. पुढे घाट आहे म्हणून."

राग आला. खोटं कशाला लिहू, भयंकर राग आला. म्हटलं, "पाच दिवस मला वेड्यासारखं नाचवलंस. गाडी मध्येच बंद पडली असती तर?"

"म्हणून तर अंधाराआधी जोडत होते," ती म्हणाली. "टेप पण लावत होते. तुमची गाडी मी जळू देईन का?"

"तोंडाने सांगता आलं नाही?"

"सांगितलं की. किती वेळा सांगितलं. तुम्ही ऐकता कुठे, तुम्ही दुरुस्त करायला बसता." मग टॉर्च खाली केला. "म्हटलं, ह्यांना टॅगची भाषा कळते. टॅग बांधते. एवढा मोठा इन्स्ट्रुमेंटवाला, एकदा तरी टूलबॉक्स काढून स्वतः बघेल. पाच दिवस वाट बघितली, दत्ता."

एकोणतीस वर्षांत तिने मला नावाने हाक मारलेली ही दुसरी वेळ. पहिली आनंदच्या बाळंतपणात, कळा येत होत्या तेव्हा.

टपरीवाल्याने त्याच्या भावाकडे खोली दिली. निरू झोपली. मी ही वही पहिल्यापासून वाचली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. "हं" म्हणाली आणि पाणी ओघळलं. लायब्ररीचं पुस्तक. निरूबेन. आजोबांची भाजीवाली. गुजराथीण. "मनावर घेतलं नाही," असं मीच लिहून टाकलंय. विचारलं होतं कधी? चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या लॉगबुकातली एक ओळ नजरेतून सुटू दिली नाही.

आणि स्वतःचंही लिहितो. मला गावाची ओढ आहे, ती खोटी नाही. पण रिटायर झाल्यावर मला खरं तर ड्युटी हवी होती. कुणीतरी म्हणायला हवं होतं की दत्ताभाई, हे बिघडलंय, या. कोणी बोलावलं नाही, म्हणून मी अख्खं घर उपटून घेऊन निघालो.

निरू उठली आहे. खाली चुलीचा धूर येतोय.

तोच दिवस, दुपार

सकाळी तिला घेऊन घाटाच्या तोंडापर्यंत गेलो. धुकं निवळलं होतं. खाली कोकण दिसतं, एकावर एक हिरवे डोंगर, आणि लांब जिथे आभाळ टेकतं तिथे आमचं गाव असणार. निरूला बोटाने दाखवलं. ती म्हणाली, "जायचं असेल तर चला. मी येईन. वायर जोडलेली आहे." आणि ती खरंच आली असती. तेच मला सोसवेना.

खाली जाऊन मुकुंदाला समोर सांगायला हवं होतं. पण मी मला ओळखतो. त्या विहिरीपाशी उभा राहिलो असतो तर सही करून आलो असतो. परत हेळवाकला येऊन दहा वाजता फोन केला. मुकुंद आधी ओरडला, मग म्हणाला, "मग येणार तरी कधी?"

म्हटलं, "मे महिन्यात. आंबे खायला. पाहुणे म्हणून."

फोन ठेवल्यावर बूथमध्ये थोडा वेळ उभा राहिलो. रडू आलं. सहा झाडं होती.

बाहेर येऊन टूलबॉक्स बसवायला घेतला. टॅग तसाच लटकत होता. हात तिकडे गेला आणि मागे घेतला. ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. निरूला विचारलं, "काढतेस?"

"घरी पोचल्यावर," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत मी तरी माझ्यावर कशाला विश्वास ठेवला असता? टॅगसकट टूलबॉक्स बसवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार. बडोदे

पाच दिवस, एकही फॉल्ट नाही. सुई सगळा रस्ता प्लसमध्ये. मला जरा करमेना, तर निरूने व्याऱ्याला बालवाडीचं सांगितलं. तिथला पंप वर्षभर बंद आहे, दोन पंखे खडखडतात, मीटरपेटी उघडी पडलीय, पोरं हात घालतील. "तुम्हाला कधी सांगायचं, तुम्ही शिफ्टला," म्हणाली. मी रस्त्यातच सामानाची यादी केली.

दुपारी समात, फाटकाशी गाडी लावली. निरूने सामान उतरवायच्या आधी पदर खोचला, टूलबॉक्सच्या मागे हात घातला आणि दोरा सोडवून टॅग काढला. पर्समधून पेन काढून खाली लिहिलं: "कारण संपलं. वायर कायमची जोडली." सही केली आणि पुठ्ठा माझ्यापुढे धरला. काम बंद करताना दोन सह्या लागतात, हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. मी पेन घेऊन सही केली. तारीख, वेळ, सगळं.

पुस्तकाला दोन दिवस उशीर झालाय म्हणून ती हातपाय धुऊन तशीच लायब्ररीत निघाली. मला गोविंदरावांकडे जायचं होतं, घर विकायचं नाही हे सांगायला. पेढा आठवला, पण गेलो.

आत्ता परत आलो. ती स्वयंपाकघरात आहे. टॅग या वहीत ठेवावा म्हणून मागितला. तर तो तिने मसाल्याच्या कपाटात, चहाच्या डब्यामागे खोचून ठेवलाय, टेपच्या तुकड्यासकट. म्हटलं, आता कशाला हवा तो?

"राहू दे," म्हणाली. "पुन्हा लागला तर."